जिवंत पेशींतलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज मोजताना: जून ते डिसेंबर २०२४

काम कागदावर सोपं होतं. ए-५४९ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींना औषध देऊन सेनेसन्समध्ये न्यायचं आणि त्या जिवंत असतानाच त्यांच्यातलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम किती काम करतंय ते फ्लुरोसन्सने मोजायचं. (सेनेसन्समधल्या पेशी जगतात पण विभागत नाहीत, लॅबमध्ये सगळे त्यांना 'म्हाताऱ्या पेशी'च म्हणतात.) प्रोटोकॉल दोन पानांचा, प्रत्यक्ष प्रयोग चार तासांचा. विश्वास ठेवता येईल असा आकडा हाती यायला मात्र सात महिने लागले. त्यातले चार परवानगी आणि खरेदीत गेले, उरलेले कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने नीट लावण्यात.

आधी प्रोबबद्दल, म्हणजे एन्झाइमने तोडला की चमकणाऱ्या रेणूबद्दल. नेहमीची पद्धत एक्स-गॅलच्या निळ्या रंगाची: एन्झाइमने हे रसायन तोडलं की ते निळं होतं. गोबर्धन दिमरी, जुडिथ कॅम्पिसी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की पीएच ६ ला या एन्झाइमची क्रिया म्हाताऱ्या पेशींत दिसते, तरुण पेशींत जवळजवळ नाही. पण त्यात पेशी फिक्स कराव्या लागतात (रसायनाने मारून आहेत तशा थिजवाव्या लागतात), रात्रभर थांबावं लागतं आणि शेवटी 'निळी' किंवा 'निळी नाही' एवढंच हाती येतं. आम्हाला प्रत्येक पेशीचा आकडा हवा होता आणि पुढे त्याच पेशी वापरायच्या होत्या. म्हणून सी-१२-एफडीजी निवडलं. यात फ्लुरोसीन या हिरव्या चमकणाऱ्या रंगाच्या दोन्ही बाजूंना गॅलॅक्टोज या साखरेचा एकेक रेणू जोडलेला असतो, त्यामुळे रेणू बंद राहतो आणि चमकत नाही. एन्झाइम आधी एक गॅलॅक्टोज तोडतं, मग दुसरा. दोन्ही सुटले की पूर्ण हिरवा प्रकाश. दोन पायऱ्या असल्याने पहिली वीसेक मिनिटं सिग्नल रेंगाळतो. तेवढ्यावरून प्रोब खराब आलाय असं ठरवू नका.

'सी-१२' म्हणजे बारा कार्बनची शेपटी. साधं, शेपटी नसलेलं एफडीजी पेशीत आपणहून शिरत नाही, त्यासाठी पेशींना मिनिटभर हायपोटॉनिक (क्षार कमी असलेल्या द्रावणाचा) धक्का द्यावा लागतो, आणि तयार झालेलं फ्लुरोसीन लवकर बाहेर गळतं. शेपटीमुळे प्रोब पेशीचं पटल ओलांडतो आणि चमकणारा भाग बराच काळ आत राहतो. त्याच शेपटीमुळे तो पाण्यात नीट विरघळत नाही, याचा फटका पुढे बसला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बायोसेफ्टी समितीकडे अर्ज गेला. समितीची बैठक दर महिन्याला नसते. त्यामुळे पुढे लागू शकेल ते सगळं पहिल्याच अर्जात घालावं. आम्ही जीन बंद करण्याचा एसआयआरएनए (आरएनएचा छोटा तुकडा) त्यात लिहून ठेवला होता. तेव्हा तो लागेल असं वाटत नव्हतं, डिसेंबरमध्ये त्यानेच वाचवलं. पेशींना म्हातारं करायला आम्ही निवडलेलं एटोपोसाइड हे कर्करोगावरचं औषध आहे, म्हणून कचऱ्याचा परिच्छेद वेगळा लागतो. औषध असलेलं मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते द्रावण) ब्लीच टाकून सिंकमध्ये सोडायचं नाही आणि ऑटोक्लेव्हमध्येही घालायचं नाही. ते 'सायटोटॉक्सिक' लेबल लावलेल्या पिवळ्या डब्यात साठवून जाळायला द्यायचं. हा परिच्छेद नव्हता म्हणून आमचा अर्ज एकदा परत आला. दहा दिवस गेले.

खरेदीचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, ४ जुलैला टाकला. सरकारी पैशांवर चालणाऱ्या संस्थेत २०२४ मध्ये आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू मिळत नसल्याचा अहवाल काढावा लागायचा; त्याचा क्रमांक इंडेंटवर नसेल तर फाइल हलायची नाही. आमची चूक म्हणजे आम्ही प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, म्हणजे वस्तू एकाच कंपनीकडे मिळते असा दाखला, जोडलं. सी-१२-एफडीजी एकाहून अधिक कंपन्या विकतात, त्यामुळे ते सर्टिफिकेट टिकणारं नव्हतं. पर्चेस सेक्शनने ते परत केलं आणि तीन कोटेशनं मागितली. त्यांचं बरोबर होतं.

कोटेशनं येईपर्यंत २३ जुलैचा अर्थसंकल्प आला आणि प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झालं. दोन विक्रेत्यांनी त्याच आठवड्यात दर मागे घेतले. त्या दिवसांत लॅबमध्ये दुसरा विषय नव्हता. १ ऑगस्टपासून अटींसह ते परत १० टक्क्यांवर आलं, पण विक्रेत्यांनी आमच्याकडून माल स्वतःच्या संशोधनासाठीच आहे, पुढे विकणार नाही, असं सहीशिक्क्याचं पत्र मागितलं. कोटेशन हातात आलं की एचएस कोड (सीमाशुल्कासाठी वस्तूला दिलेला क्रमांक) कुठला टाकलाय ते पाहा. ९८०२ हे शीर्षक असेल तर हे पत्र आधीच तयार ठेवा.

पुरवठ्याचा आदेश ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात निघाला. प्रोब ५ मिलिग्रॅम, जीएसटी धरून साधारण ५५,००० रुपये. त्यासोबत लागणाऱ्या बॅफिलोमायसिन ए-१ची (ते कशाला, हे पुढे) १०० मायक्रोग्रॅमची कुपी साधारण १५,००० रुपये. रक्कम मोठी वाटते, पण हिशोब केला की जरा धीर येतो: ५ मिलिग्रॅममध्ये १७७ मिलिलिटर वापरण्याजोगं द्रावण होतं, म्हणजे सहा-वेल प्लेटच्या एका वेलला (खळग्याला) तीनशेच्या आसपास रुपये. वाया जातं ते प्रोब नव्हे, चुकीचे कंट्रोल लावलेल्या प्लेटा.

सहा ते आठ आठवडे लागतील असं सांगितलं होतं. गणपतीच्या सुट्टीत, शनिवार-रविवार धरून, पार्सल गेटवर पडून राहू नये म्हणून 'शुक्रवारी पाठवू नका' असं लेखी कळवलं. ४ ऑक्टोबरला पार्सल आलं. वार शुक्रवारच.

स्टॉक

सी-१२-एफडीजीचा रेणुभार ८५४. ५ मिलिग्रॅममध्ये २९३ मायक्रोलिटर कोरडं डीएमएसओ (विरघळवणारा द्रव) घातलं की २० मिलिमोलर स्टॉक, म्हणजे दाट मूळ द्रावण, होतो. बरेच जण २ मिलिमोलर करून ठेवतात. मग ३३ मायक्रोमोलरला पोचताना डीएमएसओ १.६५ टक्के होतं आणि ते पेशींना सोसत नाही. २० मिलिमोलरमधून केलं तर ०.१७ टक्के.

कुपी फ्रीजरमधून काढल्याबरोबर उघडू नका. ती बंदच अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा, नाहीतर थंड काचेच्या आत बाष्प जमतं. पुण्यात पाऊस संपला तरी ऑक्टोबरच्या हवेत ओल असते, आणि डीएमएसओ तर हवेतलं पाणी ओढतंच. जुनी अर्धी बाटली वापरू नका, सीलबंद लहान अँप्युल घ्या. आम्ही १० मायक्रोलिटरचे २९ अ‍ॅलिक्वॉट (छोटे वाटे) केले, फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला ठेवले. १० हा आकडा मुद्दाम: एक अ‍ॅलिक्वॉट ६ मिलिलिटर मीडियममध्ये टाकला की बरोबर ३३ मायक्रोमोलर आणि एक सहा-वेल प्लेट. १.६५ मायक्रोलिटर पिपेटने मोजायची वेळ येत नाही आणि उरलेलं पुन्हा गोठवायचा मोह होत नाही.

बॅफिलोमायसिनचा रेणुभार ६२३. १०० मायक्रोग्रॅममध्ये १.६ मिलिलिटर डीएमएसओ, म्हणजे १०० मायक्रोमोलर. वापर हजारात एक, अंतिम १०० नॅनोमोलर. ते कशाला हवं? लायसोसोमचा (पेशीतल्या पचनाच्या पिशवीचा) पीएच साडेचार-पाचच्या आसपास असतो आणि त्या आम्लात प्रत्येक पेशीचं, अगदी तरुण पेशीचंही, बीटा-गॅलॅक्टोसिडेज जोरात चालतं. बॅफिलोमायसिन लायसोसोममध्ये प्रोटॉन ढकलणारा पंप बंद करतं, आतला पीएच सहाच्या दिशेने चढतो, आणि तिथे ज्यांच्याकडे एन्झाइमचा साठाच मोठा आहे त्याच पेशी ठळक दिसतात.

पहिला प्रयत्न

पेशी १० ऑक्टोबरला पेरल्या, वेलला दीड लाख. ११ ला १० मायक्रोमोलर एटोपोसाइड दिलं. कंट्रोलला, म्हणजे औषध न दिलेल्या 'तरुण' पेशींना, तेवढंच, ०.१ टक्के, डीएमएसओ. ४८ तासांनी औषध काढून दोनदा धुतलं, साधं मीडियम घातलं. सातव्या दिवशी, १८ ला, मापन. (डोस आधी १ ते २० मायक्रोमोलरपर्यंत तपासला होता. २० ला निम्म्याहून जास्त पेशी मरून तरंगत होत्या, २ ला बऱ्याच पुन्हा वाढायला लागल्या.) डॉक्सोरुबिसिन स्वस्त असूनही मुद्दाम टाळलं. ते स्वतःच नारिंगी-लाल चमकतं, केंद्रकात बसून राहतं आणि त्याचा एक भाग हिरव्या चॅनलमध्ये झिरपतो.

मायक्रोस्कोपखाली दोन्ही प्लेटा हिरव्यागार. तरुण कुठली, म्हातारी कुठली, काही कळेना. शिवाय पेशींच्या बाहेर काचेवर झगझगीत ठिपके.

निराशा झाली हे लपवण्यात अर्थ नाही, पण कारणं शोधल्यावर एकही गूढ नव्हतं. एक: कंट्रोलच्या पेशीही त्याच दिवशी पेरल्या होत्या. ए-५४९ दिवसाला एकदा दुप्पट होतात. आठव्या दिवशी वेल पूर्ण भरून वर थर चढला होता. दाटीने बसलेल्या पेशींत सेनेसन्स नसतानाही ही क्रिया वाढते. दोन: 'जरा जास्त सिग्नल मिळेल' म्हणून प्रोब चार तास ठेवला. तेवढ्या वेळात तरुण पेशीही हळूहळू पुरेसं फ्लुरोसीन तयार करतात. तीन: प्रोब चार अंशांच्या मीडियममध्ये टाकला होता. लांब शेपटीचा रेणू थंड पाण्यात गठ्ठे करतो; ते ठिपके म्हणजे न विरघळलेला प्रोब.

उपाय त्यामुळे साधे. तरुण पेशी मापनाच्या दोन दिवस आधीच पेरायच्या, वेलला दीड लाख, म्हणजे त्या दिवशी वेल निम्मा भरलेला असतो. प्रोबला दोन तास, घड्याळ लावून. मीडियम ३७ अंशांना, फिनॉल रेड हा रंग नसलेलं. ते हलवत असताना प्रोब थेंबाथेंबाने सोडायचा आणि लगेच वापरायचा.

दिवाळीनंतर

पुन्हा लगेच सुरू केलं असतं तर सातवा दिवस लक्ष्मीपूजनाला आला असता. कॅलेंडर आधी उघडा, मग पेशी पेरा. भाऊबीज झाल्यावर ४ नोव्हेंबरला औषध दिलं, ११ ला मापन. या वेळी फरक स्पष्ट: म्हाताऱ्या पेशी मोठ्या, पसरलेल्या, केंद्रकाभोवती हिरवे कण, तरुण पेशी फिकट. एक्सपोजर सर्वांत उजळ वेलवर ठरवलं, एकही पिक्सेल संपृक्त (उजेडाच्या कमाल मर्यादेला भिडलेला) नाही हे पाहिलं आणि मग ते बदललं नाही. ऑटो-एक्सपोजरवर काढलेले फोटो तुलनेला निरुपयोगी.

इथे थांबायचा मोह झाला होता. पण त्याच प्लेटमध्ये प्रोब न दिलेला म्हाताऱ्या पेशींचा एक वेल ठेवला होता, आणि तोही चमकत होता. म्हाताऱ्या पेशींत लिपोफ्युसिन हे आपोआप चमकणारं टाकाऊ द्रव्य साठतं, ते हिरव्यातही दिसतं. शिवाय पेशी मोठी म्हणजे मुळातला उजेडही जास्त. आमच्याकडे प्रोबशिवायच म्हाताऱ्या पेशींचं हिरवं मूल्य तरुणांच्या दुपटीहून वर होतं. म्हणून वजाबाकी प्रत्येक गटाची स्वतःच्याच प्रोबविरहित वेलमधून करायची. समजा म्हाताऱ्या पेशींचा मीडियन (मधला आकडा) ९,००० आणि त्यांचा प्रोबविरहित १,२००. तरुणांचा २,१०० आणि ५००. थेट भागाकार ४.३ पट सांगतो, वजाबाकीनंतर तो ४.९ होतो. आकडा इथे वाढला, पण सिग्नल कमी असलेल्या प्लेटमध्ये तीच वजाबाकी सगळा फरक खाऊन टाकते. दोन्ही गटांतून एकच, तरुणांचा, कोरा (प्रोबविरहित) आकडा वजा करणं ही आम्ही सर्वांत जास्त पाहिलेली चूक.

एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन तिची चमक मोजणारा फ्लो सायटोमीटर आमच्याकडे नाही. दुसऱ्या एका संस्थेत ताशी १,००० रुपये आणि वर जीएसटी भरून वेळ घेतली, तारीख २० नोव्हेंबर. १३ ला औषध दिलं आणि मग लक्षात आलं, २० ला विधानसभेचं मतदान, सुट्टी. नवी वेळ २२ ची मिळाली. म्हाताऱ्या पेशींना नववा दिवस चालतो, त्या कुठे जात नाहीत. तरुणांची पेरणी मात्र २० लाच यायला हवी होती. ती १९ ला उरकली आणि एक दिवस जास्त म्हणून वेलला ७५ हजारच टाकल्या.

फ्लोवर तीन गोष्टींनी वेळ घेतला. म्हाताऱ्या पेशी प्लेटला घट्ट चिकटतात; त्यांना सोडवणारं ट्रिप्सिन तीनऐवजी पाच-सहा मिनिटं लागलं, आणि घाई केली तर नेमक्या सर्वांत मोठ्या पेशी मागे राहतात. मग ७० मायक्रॉनची गाळणी. ४० ची घेतली तर याच पेशी अडतात. आणि फॉरवर्ड स्कॅटरचा (पेशीचा आकार दाखवणाऱ्या मापाचा) व्होल्टेज: ऑपरेटरने नेहमीच्या सेटिंगवर तरुण पेशी मधोमध आणल्या, तेव्हा म्हाताऱ्यांतल्या बऱ्याच उजव्या कडेला चेंगरल्या आणि गेटच्या, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या चौकटीच्या, बाहेर गेल्या. आधी म्हातारी नळी लावा, ती पडद्यावर पूर्ण मावेल असा व्होल्टेज ठेवा, मग तरुण. मृत पेशी ओळखायला प्रोपिडियम आयोडाइड या रंगाऐवजी डॅपी वापरलं, ४०५ नॅनोमीटरचा लेसर होता म्हणून. मग शेजारच्या चॅनलमध्ये झिरपणाऱ्या फ्लुरोसीनच्या उजेडाची भरपाई करत बसावं लागत नाही. नळ्या बर्फावर, अंधारात, आणि तासाभरात वाचून संपवायच्या. फिक्स करून दुसऱ्या दिवशी वाचू असा विचार करू नका, सिग्नल गळतो.

उजेड नक्की कशाचा?

निकाल चांगला होता आणि तिथेच शंका आली. फ्लुरोसीनचा पीकेए (ज्या पीएचच्या आसपास त्याची चमक बदलते तो आकडा) ६.४ च्या आसपास आहे. पीएच साडेचारला ते मंद, सहाला बरंच उजळ. म्हणजे बॅफिलोमायसिन एन्झाइमचं वातावरण बदलतं आणि तयार झालेल्या रंगाची चमकही वाढवतं. म्हाताऱ्या पेशींचा लायसोसोम आधीच कमी आम्ल असेल, तर एन्झाइम तेवढंच असूनही त्या उजळ दिसतील. प्रोबच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही.

डिसेंबर यातच गेला. बॅफिलोमायसिनसह आणि त्याशिवाय, असे दोन्ही गट लावले. त्याशिवाय सगळंच मंद आणि फरक कमी, पण दिशा तीच. मग जीएलबी-१ हे जीन एसआयआरएनएने बंद केलं. लायसोसोममधलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज याच जीनचं, आणि म्हाताऱ्या पेशींतली ती खास क्रियाही यातूनच येते हे २००६ मध्येच दाखवलं गेलं आहे. एसआयआरएनए मापनाच्या ७२ तास आधी द्यावा लागतो, कारण जुनं एन्झाइम लगेच नाहीसं होत नाही. जोडीला निरर्थक क्रमाचा एसआयआरएनए दिलेला वेल हवाच. जीएलबी-१ बंद केलेल्या म्हाताऱ्या पेशींचा हिरवा सिग्नल बहुतांश उतरला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण एन्झाइमच मोजतोय.

शेवटची पडताळणी पेशी फोडून, फोर-एमयूजीने (याच एन्झाइमने तुटून चमकणारं दुसरं रसायन). सायट्रेट-फॉस्फेट बफर, पीएच ६, ३७ अंश; क्रिया सोडियम कार्बोनेटने थांबवायची, कारण मुक्त होणारं मिथाइलअंबेलिफेरोन अल्कलीतच नीट चमकतं; ३६५ नॅनोमीटरला उत्तेजन, ४५० ला वाचन. कार्बोनेटमुळे सगळ्या वेलचा पीएच एकच होतो, म्हणून वरचा घोळ इथे उरत नाही. दर पेशीमागे भागलं तर फरक प्रोबइतकाच मोठा आला. दर मायक्रोग्रॅम प्रोटीनमागे भागलं तर तो निम्म्याच्या आसपास उरला, कारण म्हाताऱ्या पेशीत प्रोटीनच जास्त असतं. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगळे. आम्ही अहवालात दोन्ही दिले, आणि पहिल्याच चर्चेत विचारलं गेलं ते दुसऱ्याबद्दल.

आता चालतं ते वेळापत्रक असं. सकाळी साडेनऊला गरम मीडियममध्ये १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिन, एक तास. साडेदहाला तेच बॅफिलोमायसिन अधिक ३३ मायक्रोमोलर प्रोब असलेलं मीडियम, वेलला १ मिलिलिटर, दोन तास, अंधारात. कोऱ्या वेलनाही तेवढंच डीएमएसओ, एकूण पाव टक्क्याच्या जरा वर. साडेबाराला दोनदा पीबीएस या खारट बफरने धुणं आणि लगेच मायक्रोस्कोप किंवा ट्रिप्सिन. बॅफिलोमायसिन चार तासांवर जाऊ द्यायचं नाही, ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचे टाकाऊ भाग पचवणं) अडते आणि पेशी वेगळ्याच कारणाने आजारी पडतात. जेवण त्यानंतर.

डिसेंबर २०२४ अखेर २९ पैकी ११ अ‍ॅलिक्वॉट उरले होते. दर महिन्याला त्यातल्या एकाचा अर्धा मायक्रोलिटर पेशी नसलेल्या मीडियममध्ये टाकून प्लेट रीडरवर वाचतो. हा कोरा आकडा चढायला लागला, की प्रोब आपोआप तुटायला लागला असं समजायचं. तोपर्यंत तो हललेला नव्हता.